कातड्याखालचं कोकरू

१

दांझान मेंढ्या मोजत नसे. मोजणी सरकारी माणसानं करावी, त्याला तोंडं ओळखता येत नाहीत. संध्याकाळी कळप उतारावरून खाली आला की दांझान मेंढवाड्याच्या दाराशी उभा राही आणि एकेक तोंड नजरेखालून घाली. एखादी नसली, की पडलेल्या दाताची जागा जिभेला कळावी तशी त्याला कळे.

त्या हिवाळ्यात रोज एखादा दात पडत होता.

थंडीच्या तोंडावरच अवेळी पाऊस झाला, त्यावर गोठण बसली आणि गोबीच्या उत्तरेचं सगळं पठार काचेच्या झाकणाखाली गेलं. गवत खाली दिसे, पण मेंढीच्या खुराला लागत नसे. असल्या हिवाळ्याला मंगोल माणूस लोखंडी झुद म्हणतो आणि पुढं फार बोलत नाही. बोलून गवत मिळत नाही.

हवा जरा बरी असली की दांझानची बायको हान्दा मागच्या टेकाडावर चढे. फोनला आवाज तिथंच येई. त्यांचा एकुलता एक मुलगा ओतगोन उलानबातरला मालमोटार चालवायचा. खाली आली की हान्दाच्या भुवयांवर बर्फ असे आणि चेहऱ्यावर हसू.

“काय म्हणतोय?” दांझान विचारी.

“म्हणतोय, कळप गेला तर जाऊ दे, तुम्ही इकडं या. माझ्या अंगणात तुमच्या गेरचा तंबू उभा करून देतो.”

“आणि मी त्या अंगणात काय राखू? कुंपण?”

“कुंपणाला चारा लागत नाही, म्हाताऱ्या.”

“मग त्यालाच घाल चहा.”

ती हसे आणि चुलीत शेणी सारी. ओतगोन शेवटचा निघाला तेव्हा तिनं रीतीप्रमाणं त्याचा उजवा गाल हुंगला होता आणि डावा ठेवला होता. माणूस परत यावा म्हणून एक गाल मागं ठेवतात. हा राहिलेला गाल हान्दा रोज बोलण्यात आणी. आला की आधी गाल, मग चहा.

दांझान मनाशी एवढंच धरून होता: गाभण मेंढ्या वसंतापर्यंत उभ्या राहिल्या पाहिजेत. त्या राहिल्या तर कळप राहील. नाही तर अंगण.

२

वादळ आलं त्या दिवशी एक मेंढी मागं राहिली. दांझान तिला शोधायला गेला. बापाच्या वेळच्या जुन्या हिवाळी तळापर्यंत तो पोचला, तोवर त्याच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पडक्या भिंतीच्या आडोशाला तो हातांनी चाचपत सरकला. मेंढी सापडली नाही. हाताला लहानसं काहीतरी लागलं. ऊबदार होतं. चार पायांचं वाटलं. कोणाच्या तरी मेंढीनं अवेळी टाकलेलं कोकरू, दुसरं काय असणार? त्यानं ते आपल्या लांब अंगरख्याच्या, देलच्या पोटाशी घातलं आणि वाऱ्याला पाठ देऊन परतला.

मेंढवाड्यात हान्दा काळकानीजवळ बसली होती. काळकानी ही त्याची सगळ्यात जुनी, सगळ्यात हट्टी मेंढी. तिनं दिवस भरायच्या आत कोकरू टाकलं होतं. ते मेलेलं होतं आणि काळकानी ते चाटत होती.

“मेलं का?” त्यानं विचारलं.

“हलतच नव्हतं. तुला मेंढी मिळाली?”

“नाही. हे मिळालं.”

“बघू?”

“आता बघत बसू नको. हिचा वास गार होईल. सुरी दे.”

हे काम त्यानं जन्मभर केलेलं. मेलेल्या कोकराचं कातडं सोलायचं आणि पोरक्या कोकराच्या अंगावर चढवून बांधायचं. आईला आपलाच वास येतो. त्यानं डोळे मिटूनच कातडं काढलं. डोळे उघडतच नव्हते. देलमधलं बाहेर काढून त्यावर चढवलं, पोटाखाली चामड्याच्या वादीची गाठ मारली आणि काळकानीच्या कासेखाली लावून दिलं. मग हात मागं घेतला. पुढं कोकराला हात लावायचा नसतो. माणसाचा वास चढला तर मेंढी पुन्हा ढुशी मारते.

मेंढीनं पिल्लू घ्यावं म्हणून गातात ते गाणं हान्दानं गायला घेतलं. तोइग, तोइग, तोइग. या गाण्याला दुसरे शब्द नाहीत. तिचा आवाज वादळातसुद्धा खालच्या पट्टीत, एका रेषेत चाले.

काळकानीनं हुंगलं. एक पाय आपटला. पुन्हा हुंगलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पान्हा सुटला.

“घेतलं बाई,” हान्दा म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. हे गाणं गाताना तिचे नेहमीच वाहत.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दांझान दाराशी उभा राहिला. सगळी तोंडं आली. तिसऱ्या दिवशीही आली. त्याच्या पुढच्या दिवशीही.

त्याला आनंद झाला नाही. त्याला कुतूहल वाटलं. फुकट मिळालेल्या घोड्याचे दात बघणारा माणूस होता तो.

सकाळी त्यानं मेंढवाडा नीट पाहिला. काळकानी रात्री जिथं बसत होती तिथं बर्फ नव्हता. खाली वाळलेल्या लेंड्यांचा थर ओला, वाफाळलेला होता. त्यानं हात ठेवला. चुलीजवळच्या जमिनीसारखी ऊब लागली. बाकीच्या मेंढ्या तिच्याभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या आणि एकीच्याही पाठीवर दहिवर नव्हतं.

ओलं शेण तापतं, त्यानं स्वतःला सांगितलं. मेंढ्या दाटीनं बसल्या की ऊब येतेच.

मग तो कळपाबरोबर चरणीला गेला. काळकानी पुढं चालत होती. तिच्या पोटाखाली ते कातडं घातलेलं पिल्लू. ती थांबली, की थोड्या वेळानं तिथली काच सुटायची आणि गवत वर यायचं. पिवळं, जुनं, पण गवत. मागच्या मेंढ्या तिथं तोंड घालत. काळकानी पुढं सरके.

दांझान वाकून पिल्लाचे खूर कुठं उमटलेत का ते बघत मागून गेला. काळकानीचे उमटले होते. पिल्लाचे नव्हते. जिथं त्यानं पाय ठेवला असेल तिथं पाणी झालं होतं, आणि पाण्यात काही उमटत नाही. हेही बरोबरच होतं. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. एवढी कारणं एका कोकरामागं लागावीत, हे मात्र त्याला आवडेना.

कुत्रा असला तर भुंकेल, असं त्याला वाटलं होतं. कुत्रा त्या पिल्लाला पाठ लावून झोपत होता.

४

“कुत्रा धराऽ!”

येणाऱ्यानं दुरून द्यायची ही हाक देत खोऱ्याच्या खालच्या अंगाला राहणारा बाल्जिर घोड्यावरून आला. घोड्याच्या फासळ्या दिसत होत्या. गेरमध्ये बसल्यावर दोघांनी तपकिरीच्या बाटल्या एकमेकांना दिल्या, हुंगल्या, परत केल्या.

“हिवाळा सुखात चाललाय ना, आबा?”

“सुखात. तुमचा?”

“सुखात.”

याला दुसरं उत्तर नसतं. मग बाल्जिरनं मिठाच्या चहाचे दोन वाडगे सरळ घशात ओतले आणि खरं बोलला.

“एकही राहिली नाही. घराच्या वाऱ्याकडच्या बाजूला रचून ठेवलीत सगळी मेलेली मेंढरं. भिंत झालीय. वारा चांगला अडतो. जिवंत होती तेव्हा इतकी उपयोगी नव्हती.”

हान्दानं तिसरा वाडगा भरला.

“आता?” दांझाननं विचारलं.

“आता काय! मेव्हणा शहरात इमारतींवर विटा वाहतो. मी त्याच्या विटा राखीन. विटा मरत नाहीत.” तो हसला, पण हसू वाडग्यातच राहिलं. “तुमच्या मेंढ्या बघू द्या जरा. जिवंत मेंढी कशी दिसते ते विसरलो.”

मेंढवाड्याशी जाऊन बाल्जिर उभा राहिला. एका मेंढीच्या पाठीवर त्यानं बोटं रुतवली. बोटांना हाड लागलं नाही.

“काय खायला घालता, आबा? मंत्र?”

“मेंढ्या चांगल्या आहेत.”

“माझ्याही चांगल्याच होत्या.” मग त्याची नजर काळकानीच्या पोटाखाली गेली. “हे कोणाचं? इतक्या लवकर?”

“लवकर आलं.”

“ओरडत नाही.”

“शहाणं आहे. तुझ्यासारखं नाही.”

बाल्जिर खाली बसला, मान तिरकी करून बघू लागला. पिल्लू काळकानीच्या मागच्या पायांआड झालं. तो दुसऱ्या बाजूला गेला. काळकानी वळली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, मग गुडघे झाडत उठला.

“तोंड कुणावर गेलंय?” त्यानं सहज विचारलं.

दांझाननं पिल्लाकडं पाहिलं. या कळपातल्या प्रत्येक जनावराचं तोंड त्याला अंधारात हातानं ओळखता आलं असतं. या एकाचं तोंड त्यानं पाहिलंच नव्हतं. रोज दाराशी उभा राहून तो पाहत होता, आणि रोज त्याला सगळी तोंडं आल्यासारखं वाटत होतं.

“आईवर,” तो म्हणाला.

बाल्जिर घोड्यावर बसला. जाताना मागं वळून म्हणाला, “आबा, तुमच्या वडलांच्या वेळी पण असंच झालं होतं म्हणे. सगळ्या खोऱ्याचं गेलं, गोंबोबाबांचं राहिलं. तुमच्या घरात काहीतरी आहे.”

“आमच्या घरात काम आहे,” दांझान म्हणाला. “बोलणं कमी आहे.”

५

पिल्लाला मेंढीनं घेतलं, की गाणं थांबवायचं असतं. हान्दानं थांबवलं नाही. रोज तिन्हीसांजेला ती मेंढवाड्यात जाऊन बसे आणि गाई. तोइग, तोइग. काळकानी डोळे मिटून उभी राही. बाकीच्या मेंढ्याही रवंथ थांबवत.

“कुणासाठी गातेस? घेतलंय तिनं कधीच.”

“बरं वाटतं,” हान्दा म्हणाली.

“कुणाला?”

तिनं काळकानीची लोकर सारखी केली. मग पुन्हा गायला लागली.

वारा पडला, चांगलं ऊन आलं. दांझाननं मुद्दाम म्हटलं, “टेकाडावर जाऊन येतेस का? आज आवाज येईल.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? पोराला फोन.”

“हो,” ती म्हणाली. “जाईन उद्या.” ती गेली नाही. फोन पेटीवर पडून राहिला आणि त्याच्यावर चुलीची राख बसली.

मग एक दिवस तो बाहेरून आला तर ती सुरी घेऊन बसली होती. मांडीवर एक जुनं लहान देल होतं, आतून कोकराच्या लोकरीचं, बाह्यांना निळी किनार. ती त्याच्या पट्ट्या कापत होती.

दांझान दारातच थांबला. ते देल पेटीच्या तळाशी असायचं. ओतगोन पहिल्यांदा घोड्यावर बसला तेव्हाचं. कधीकधी, आपल्याला कोणी बघत नाही असं वाटलं की हान्दा ते बाहेर काढी, त्यात नाक खुपसून बसे आणि परत ठेवी. दांझान दरवेळी पाठ फिरवून काहीतरी काम करत असल्याचं दाखवी.

“हे काय करतेस?”

“म्हाताऱ्या मेंढ्यांच्या पोटाला बांधते. गार वाऱ्याचे दिवस आहेत.”

“ओतगोनचं आहे ते.”

“असेल,” ती म्हणाली आणि बाही उसवली. “लोकर चांगली आहे.”

दांझान बाहेर गेला. बराच वेळ लाकडं फोडत राहिला. लाकडं फोडून झाली तेव्हा फोडलेलीच पुन्हा फोडली. म्हातारी थकली आहे, त्यानं ठरवलं. हिवाळ्यानं माणूस चेपून जातो. ऊन लागलं की येईल ताळ्यावर.

६

शेवटचं मोठं वादळ दुपारीच आलं. भर दिवसा अंधारलं. गेरच्या नमद्याच्या भिंती आत-बाहेर हलू लागल्या, जणू कोणी बाहेरून श्वास घेत होतं. दांझान दोरखंड आवळून मेंढवाड्यात शिरला. भिंतींच्या आत वाऱ्याचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. मेंढ्या दाटून बसल्या होत्या. मधोमध काळकानी, आणि तिच्या कुशीत ते.

कातड्याची वादी सुटत आली होती. एक टोक लोंबत होतं.

गाठ आवळायला पाहिजे होती. एवढंच काम होतं. इतक्या दिवसांत कातडं कडक व्हायला, वास मारायला पाहिजे होतं. ते काल सोललेल्यासारखं मऊ होतं. दांझान गुडघ्यांवर बसला. दाराच्या फटीतून राखाडी उजेड येत होता, बोटांपुरता. काळकानीनं त्याच्याकडं पाहिलं आणि या वेळी ती वळली नाही.

गाठ आवळायची, तर आधी सोडावी लागते. त्यानं सोडली. आणि सोडलीच आहे तर बघावं, असं त्याला वाटलं.

कातड्याची कड त्यानं वर केली. खाली दुसरं कातडं होतं.

असेल. दुसऱ्या कोणीतरी आधी हाच प्रयत्न केला असेल. मेंढी मेली असेल, पिल्लू भरकटलं असेल. या कातड्याला निळ्या नायलॉनच्या सुतळीची गाठ होती, हल्ली पिठाच्या पोत्यांना येते तसली. गाठ अनोळखी होती. त्यानं ती सोडली.

खाली तिसरं कातडं. ते तांब्याच्या बारीक तारेनं बांधलेलं. सामुदायिक शेतीच्या काळात टेलिफोनच्या खांबांवरून असली तार लोक चोरून आणत. ती तार वापरणारी माणसं आता बहुतेक जमिनीखाली होती. दांझानची बोटं गार पडायला हवी होती. ती तापली होती. इतकी कातडी काढत गेलो तर आत उरणार काय, असा प्रश्न त्याला पडला, आणि त्या प्रश्नाची त्याला भीती वाटली नाही. हावच वाटली. त्यानं तार उलगडली.

चौथ्या कातड्याला घोड्याच्या केसांची दोरी होती. काळे-पांढरे केस एकत्र वळलेले. गाठ उलटी मारलेली, डावीकडून, आणि मोकळं टोक परत आत खोचलेलं.

दांझानचे हात थांबले.

ही गाठ त्याला पाठ होती. लहानपणी खोगिराच्या पट्ट्याला, चहाच्या पिशवीला, आजारी घोड्याच्या पायाला, सगळीकडं त्यानं ती पाहिली होती. सोडता येत नाही म्हणून मारही खाल्ला होता. खोऱ्यात डावखुरा माणूस एकच होता. त्याचा बाप, गोंबो.

त्यानं गाठीवर बोट ठेवलं. कातड्याखाली ऊब होती आणि श्वास होता. कोकराचा श्वास भरभर चालतो. हा सावकाश चालत होता, पोटभर जेवून निजलेल्या माणसासारखा. मग आतल्या कशानं तरी कूस बदलली. कातडी जागच्या जागीच राहिली, फिरलं ते आतलं. पुढचे पाय असायला हवेत तिथं काही क्षण काहीतरी वर आलं, कातड्याला आतून टेकलं, आणि बापाच्या गाठीच्या खाली, बरोबर त्याच्या बोटासमोर येऊन थांबलं.

जणू तिकडूनही कोणी गाठ चाचपत होतं.

७

तो लहान असतानाच्या मोठ्या झुदात सगळं खोरं रिकामं झालं होतं. त्याच्या बापाची एकही मेंढी गेली नव्हती. लोक विचारत, काय केलंस? बाप सांगे, मेंढ्या चांगल्या होत्या. त्यानंतर बापानं आयुष्यभर पोरक्या कोकराला कातडं चढवलं नाही. मरू देई.

आणि आई. त्या वसंतात दांझान तिच्याकडं धावत गेला होता. तिनं त्याचं डोकं जवळ घेतलं, टाळू हुंगली. थांबली. पुन्हा हुंगली. मग तिनं त्याला छातीपासून दूर लोटलं. रागानं नव्हे. मेंढी परक्या कोकराला डोक्यानं ढकलते तसं. तिनं पुढं त्याला वाढवलं, खाऊ घातलं, शिवून दिलं. पुन्हा कधी हुंगलं नाही. तो रडला तेव्हा बाप म्हणाला होता, “आई थकली आहे. तू बाहेर जा, मेंढ्यांकडं बघ.”

इतकी वर्षं दांझानला वाटत होतं, आई थकलीच होती.

भिंत हातभर अंतरावर होती. हे उचलायचं आणि पलीकडं ठेवायचं. पिसासारखं हलकं होतं. वादळ घेऊन जाईल. मग रात्रभर ही गोठण मेंढ्यांवर बसेल आणि सकाळी त्यालाही बाल्जिरसारखी भिंत रचावी लागेल. मग मालमोटार. मग अंगण, आणि अंगणात एक खुर्ची.

मागं दार करकरलं. हान्दा आत आली, डोक्यावरचा बर्फ झटकत.

“सरक,” ती म्हणाली. “माझं गाणं राहिलंय.”

“हान्दा,” तो मागं न बघता म्हणाला. आवाज त्यानं साधा ठेवला. “ओतगोनचा कुठला गाल राहिलाय?”

“काय?”

“गाल. उजवा की डावा?”

वारा छपरावरून गेला. 

“कसला गाल?” हान्दा म्हणाली. “थंडीनं डोकं फिरलंय तुझं. सरक.”

दांझान तसाच बसून राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना मेंढ्यांच्या पाठी होत्या, रुंद, कोरड्या, ऊबदार, पोटात कोकरं असलेल्या. एकेकीचं तोंड तो ओळखत होता.

थकली आहे, तो मनाशी म्हणाला. वादळ जाऊ दे. मग बघू.

बापाच्या गाठीला त्यानं हात लावला नाही. त्यावर तार गुंडाळली, त्यावर नायलॉनची सुतळी बांधली, आणि सगळ्यात वर आपली वादी. शेवटचा वेढा त्यानं दातांनी आवळला. मग सरकून तिला जागा करून दिली.

८

बर्फ वितळायला लागल्यावर एका सकाळी काळकानी एकटीच उभी होती. पिल्लू नव्हतं, कातडंही मागं पडलं नव्हतं. जिथं कुठं ते गेलं असेल, तिथं आता सगळ्यात वर दांझानची गाठ होती.

कोकरं झाली. भरपूर झाली, आणि मेंढ्यांनी आपापली घेतली. काळकानीनं मात्र कोणाचंही घेतलं नाही. संध्याकाळी ती उत्तरेकडं तोंड करून उभी राही. हान्दाही बादली हातात घेऊन तिच्या शेजारी उभी राही. 

रस्ता मोकळा झाल्यावर ओतगोन आला. मालमोटार त्यानं दुरूनच थांबवली आणि लहानपणासारखा ओरडला, “कुत्रा धराऽ!” कुत्रा त्याच्या अंगावर उड्या मारत होता. त्यानं कळप पाहिला आणि जागीच उभा राहिला.

“बा! हे सगळं आपलं?”

“मग काय शेजाऱ्याचं?”

“मी तर रिकामी गाडी घेऊन आलो. तुम्हा दोघांना घालून न्यायला.”

“रिकामीच ने,” दांझान म्हणाला. “जाताना लोकर घालून ने.”

ओतगोन मोठ्यानं हसला. पिठाची पोती उतरवून आत आला. हान्दा चुलीपाशी बसली होती. तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला, टोपी काढली आणि डावा गाल पुढं केला.

“आई. राहिलेला.”

हान्दानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. दांझान दाराशी उभा होता. त्यानं या वेळी पाठ फिरवली नाही.

तिनं गाल हुंगला. थांबली. मान जरा मागं घेऊन चेहऱ्याकडं पाहिलं, मग पुन्हा हुंगला, खोल, लक्ष देऊन, चांगली माणसं पाहुण्याची चूक लगेच बोलून दाखवत नाहीत तशी. मग तिनं हात सोडले आणि तळव्यानं त्याचा खांदा हलकेच मागं सारला.

“बसा,” ती म्हणाली. “लांबून आलात ना? चहा घ्या. हिवाळा सुखात गेला ना तुमच्या घरी?”

ओतगोन हसला. मग त्याचं हसू चेहऱ्यावर कुठं ठेवावं ते त्याला कळेना. तिनं पाहुण्याला देतात तसा दोन्ही हातांनी वाडगा पुढं केला. त्यानं तो घेतला, कारण घ्यायचा असतो.

“बा,” तो हळूच म्हणाला. गाल अजून पुढंच होता. “आई अशी का करते?”

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या, सगळ्याच्या सगळ्या.

“थकली आहे,” दांझान म्हणाला. “तू बाहेर जा. मेंढ्यांकडं बघ.”